ताई, तुझं नाव फिकट मारलं

ताई, तुझं नाव कुणालाच वाचता येईना.

परवा तेरवीला आलेल्या प्रत्येकाच्या हातात जाताना एकेक स्टीलचा डबा दिला. आपल्याकडची रीतच आहे ती, माणूस गेलं की त्याच्या नावाचं भांडं चार घरांत पोचतं. नागपूरच्या मावशीने डबा घेतला, झाकण नाकाशी नेलं, खिडकीकडे धरलं, पुन्हा नाकाशी आणलं. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "काहून रे मिलिंद, तुझ्याजवळ एवढी मोठी मशीन, अन् बहिणीचं नाव दिसून नाही राह्यलं?"

मी म्हटलं, "मावशी, ताईला असंच आवडायचं."

"तिले आवडत असंल. पण वाचाचं तं आमाले आहे ना!"

तू असतीस तर हसता हसता तुला ठसका लागला असता. अठरा वर्षं मी जे तुला ऐकवत होतो ते मावशीने एका वाक्यात उरकलं, आणि बचाव करायची पाळी आली माझ्यावर. मग मी तुझंच जुनं व्याख्यान तिला दिलं. म्हटलं, स्टीलला एक कातडी असते, इतकी पातळ की दिसत नाही. ती आहे म्हणून स्टील गंजत नाही. लेझरने नाव काळंभोर मारायचं म्हणजे तेवढ्या जागेतली कातडी जाळायची. दिसायला झकास, पण वाफेत, मिठात, खरकट्यात राहिलं की काही महिन्यांनी नेमका अक्षरांभोवतीच तांबूस गंज धरतो. म्हणून नाव हलक्या हाताने मारायचं आणि वर ॲसिडमध्ये बुडवून ठेवायचं, की कातडी पुन्हा धरते. नाव मात्र फिकं होतं. मावशीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे माह्या घरी वसुधा गंजणार नाही म्हंतोस." डबा पदराने पुसला आणि पिशवीत टाकला. मला जरा वेळ गच्चीवर जाऊन उभं राहावं लागलं.

शाहपुऱ्याच्या तुझ्या घरात अजून पाहुण्यांच्या सतरंज्या पडल्या आहेत. तुझ्या टेबलापाशी बसून हे लिहितो आहे. तुझ्याबद्दल चार बरे शब्द लिही असं सगळे सांगताहेत. बरे शब्द त्यांना ठाऊकच आहेत. मला तुझ्याशी राहिलेलं बोलायचं आहे.

गोविंदपुऱ्यात आपल्या दोन शेड आणि मध्ये एक भिंत. अलीकडे माझं लेझर, पलीकडे तुझ्या ॲसिडच्या टाक्या. मशीनला गारवा लागतो म्हणून माझ्याकडे एसी आणि तुझ्याकडे खडखडणारा पंखा, हा अन्याय तू दर उन्हाळ्यात एकदा तरी बोलून दाखवायचीस. प्रयोगशाळेतली पक्की नोकरी सोडून तू धाकट्या भावाच्या धंद्यात उतरलीस, तेव्हा बाबा आठवडाभर तुझ्याशी बोलले नाहीत. राजधानी हलली तेव्हा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आलेला माणूस तो. नोकरी सोडतात हेच त्यांना माहीत नव्हतं. तू त्यांना म्हणालीस, "मिल्याला आग लावता येते, विझवता येत नाही. कुणीतरी लागेल ना." तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, माझं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुणी केलं नाही.

माझ्या अक्षरांना तू काजळ म्हणायचीस. भिंतीपलीकडून हाक यायची, "आण रे तुझी काजळ घातलेली पोरं, न्हाऊ घालते." आणि न्हाऊन आली की ती पोरं राखाडी पडलेली असायची. माझा जीव तुटायचा. मी म्हणायचो, गिऱ्हाइकाला नाव दिसलं पाहिजे, नाव दिसत नसेल तर मारायचं कशाला? तू म्हणायचीस, आज दिसतं आणि वर्षाने त्याच्या जागी गंज दिसतो, त्यापेक्षा फिकं काय वाईट? एकदा तू मोरचुदाचं निळं पाणी घेऊन आलीस. माझ्या एका सुरेख काळ्या अक्षरावर थेंब टाकलास आणि मला घड्याळ धरून उभं केलंस. काही मिनिटांत अक्षराच्या कडेला तांब्याचा लाल डाग चढला. "बघ," तू म्हणालीस, "इथे लोखंड उघडं पडलंय." शेजारी तुझ्या न्हालेल्या अक्षरावर तोच थेंब निळाच्या निळा होता. मी उलट जास्तच जोरात भांडलो.

आईच्या भांड्यांवरूनही आपलं व्हायचं. टी. टी. नगरच्या बाजारात तो भांडेवाला छिन्नीने ठोके मारून नावं घालायचा, आठवतं? त्या नावांना इतकी वर्षं घासूनही गंज नाही, कारण तिथे आग नव्हती, नुसते ठोके होते, असं तू सांगायचीस. मी म्हणायचो, ते नाव वाचायला ज्योतिषी लागतो. आईच्या नावातला अनुस्वार तर त्याने बरणीच्या कडेवर नेऊन ठेवला होता. यावर तू विषय बदलायचीस, कारण ते खरं होतं. भांडणात एवढी एकच फेरी माझ्या नावावर आहे.

आता त्या ट्रेंबद्दल. हे मी तुझ्यापाशी कधी बोललो नाही.

चार वर्षांपूर्वी ऑपरेशनच्या अवजारांचे ट्रे आले होते. रोज वाफेच्या मशीनमध्ये जाणारे, प्रत्येकावर इस्पितळाचं नाव आणि नंबर. तू एका लग्नाला नागपूरला गेली होतीस. मी नावं मारली आणि भिंतीपलीकडे रशीदभाईंकडे दिली. तुझ्या टाक्या पहिल्या दिवसापासून तेच सांभाळत आले आहेत. रमजान चालू होता, त्यांचा रोजा होता. तू सांगून गेली होतीस त्याप्रमाणे त्यांनी ट्रे अर्धा तास ॲसिडमध्ये ठेवले, धुतले, पुसून परत दिले. नावं फिकी झाली होती. गिऱ्हाईक सोमवारी माल बघायला येणार होतं, आणि ते गिऱ्हाईक नवं होतं, मोठं होतं. रविवारी शेड बंद असताना मी एकटा आलो आणि सगळ्या ट्रेंवर तीच अक्षरं, त्याच जागी, पुन्हा एकदा मारली. काळीभोर. परत ॲसिडमध्ये घातली नाहीत, कारण घातली असती तर पुन्हा फिकी झाली असती. गिऱ्हाईक खूश झालं. मीही झालो, खोटं कशाला बोलू.

दोन-अडीच महिन्यांनी सगळा माल परत आला. एकेका अक्षराला तांबूस कड. गिऱ्हाईक माझ्या शेडमध्ये उभं राहून ओरडत होतं, "ये एसिडवालों की लापरवाही है, टाइम पूरा नहीं दिया!" आणि मी मान हलवली. तोंडाने काही बोललो नाही, नुसती मान हलवली. रशीदभाई दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला आणि तरी माझी मान हलतच राहिली. तेवढ्यात तू पुढे झालीस. "मेरे शेड की गलती है, मतलब मेरी गलती है. रशीदभाई वही करते हैं जो मैं बोलती हूँ." इतक्या शांतपणे म्हणालीस की त्या माणसाचा आवाज आपोआप खाली आला. सगळे ट्रे पुन्हा करून द्यायचं तू कबूल केलंस.

संध्याकाळी त्यातला एक ट्रे घेऊन तू माझ्या टेबलापाशी आलीस. "मिल्या, ॲसिडनंतर अक्षरं परत मारलीस का?"

मी म्हणालो, "नाही."

तू ट्रे जुन्या टॉवेलात गुंडाळून घेऊन गेलीस. पुढचे चार दिवस सगळे ट्रे एकटीने घासलेस. रशीदभाईंना दुसऱ्या कामाला लावलंस, त्यांना एकाही ट्रेला हात लावू दिला नाहीस. तेव्हा मला वाटलं, गिऱ्हाइकाच्या बोलण्याचा राग त्यांच्यावर निघतोय. किती मूर्ख होतो मी. ॲसिडमधून निघालेलं अक्षर इतकं काळं नसतं, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? उत्तर तर तू हातात घेऊनच आली होतीस. मला कबूल करायला एक संध्याकाळ दिलीस, आणि मी ती वाया घालवली. ट्रे जवळून पाहिला असता तर रशीदभाईंनाही कळलं असतं. तू त्यांना तो पाहू दिला नाहीस, कारण तुला मला उघडं पाडायचं नव्हतं.

त्यानंतर तू माझ्याशी काळ्या अक्षरांवरून कधी भांडली नाहीस. भिंतीपलीकडून काजळाची हाक येईनाशी झाली. "दे, बुडवते," एवढंच. सुरुवातीला मला बरं वाटलं, जिंकल्यासारखं वाटलं. मग हळूहळू ती शांतता टोचायला लागली. मी मशीनचा जोर आपणहून कमी केला, अक्षरं फिकी मारायला लागलो, सांगून पाहिलं की बघ, आता तुझ्या मनासारखं करतोय. तू म्हणालीस, "छान." तुझ्या तोंडी हा शब्द मी फक्त परक्या माणसांसाठी ऐकला होता.

तसं आपलं बाकी सगळं चालू होतं. रविवारी तळ्याभोवती तीन फेऱ्या, तुझी भाजलेली कणसं, माझ्या पोटावरून तुझे टोमणे. मी आजारी पडलो तेव्हा महिनाभर तू दोन्ही शेड सांभाळल्यास आणि लेझरवरही हात बसवलास. परत आलो तर मशीनवर चिठ्ठी होती, "आग लावायला सोपी आहे." ती चिठ्ठी अजून तिथेच आहे. तुझ्याइतकं मला कुणी सांभाळलं नाही, ताई, आणि त्यामुळेच बोलायचं पुढे ढकलणं इतकं सोपं झालं.

इस्पितळातल्या शेवटच्या आठवड्यात एकदा संधी आली होती. तुझ्या पलंगाशेजारच्या स्टीलच्या ट्रेवर कुणीतरी नंबर जाळून घातला होता आणि कडेने गंज आला होता. तू बोटाने दाखवलंस आणि बारीक हसलीस. "कुणाचं रे हे काम?" माझ्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात नर्स आली. ती गेल्यावर तू माझ्याकडे पाहत होतीस आणि मी तुला क्रिकेटचा स्कोअर सांगत बसलो. तुला क्रिकेट आवडत नाही.

तेरवीच्या दोन दिवस आधी मी तुझे डबे मारायला घेतले. मशीनवर स्वतःच्या बहिणीचं नाव टाइप केलं. जोर सगळ्यात कमी ठेवला, वेग वाढवला, नाव फिकं आलं. मग डबे घेऊन तुझ्या शेडमध्ये गेलो. खाण्याची भांडी, म्हणून रशीदभाईंनी लिंबाच्या सत्त्वाची टाकी तयार ठेवली होती. मोरचुदाची परीक्षाही खाण्याच्या भांड्यावर करायची नाही हे तुझं वाक्य त्यांनी मला बजावलं, म्हणून एक जादा झाकण त्यासाठी वेगळं काढलं. डबे टाकीत सोडून त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, खिशातून दुसरं घड्याळ काढून कठड्यावर ठेवलं आणि वर मोबाइलमध्ये गजरही लावला.

मी सहज म्हणालो, "रशीदभाई, दो-दो घड़ियाँ? ऊपर से अलार्म?"

"हओ भैया. वो ट्रे वाली बात के बाद से." ते टाकीकडेच पाहत होते. "उस दिन रोज़े में यहीं बैठे-बैठे मेरी आँख लग गई थी. कितनी देर लगी, आज तक याद नहीं आया. टाइम से पहले निकाल लिए होंगे मैंने."

मी विचारलं, "दीदी को बताया था ये?"

"बताया था. बोलीं, नहीं रशीदभाई, तुमसे कुछ नहीं हुआ. मगर दीदी तो दीदी थीं. सबका अपने ऊपर ले लेती थीं. उनकी बात क्या मानता?"

ऐकलंस ना? तू त्यांना खरं सांगितलंस, आणि तू चांगली म्हणून त्यांनी ते खरं मानलं नाही. त्यांनी विश्वास ठेवावा असं बोलणारा माणूस एकच होता, आणि तो भिंतीपलीकडे एसीत बसला होता.

मी बोललो. फार काही सजवून नाही. म्हटलं, "रशीदभाई, आपसे कुछ नहीं हुआ था. एसिड के बाद, इतवार को आकर, अक्षर मैंने दोबारा मारे थे. इसलिए जंग लगा. दीदी ने पूछा तो झूठ बोला."

त्यांनी कठड्यावरचं घड्याळ उचलून हातात धरलं. मग म्हणाले, "तो मेरा टाइम सही था?"

"सही था."

"पक्का?"

"पक्का."

गजर वाजला. त्यांनी आधी डबे बाहेर काढले, दोनदा साध्या पाण्यात धुतले, फडक्यावर एकेक पालथा घातला. कामाशी काम ठेवणारा माणूस, तुझ्याच तालमीतला. हात पुसून मग माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवतील, आणि ऐकवावेत अशी माझी इच्छा होती. ते म्हणाले, "भैया, ये बात एक दफ़ा मेरे घर चलके बोल दोगे? शमीम के सामने?"

आज सकाळी गेलो. अशोका गार्डनला, रेल्वे लाइनच्या बाजूला त्यांचं घर आहे. इतक्या वर्षांत मी ईदला शेवया खाऊन दहा मिनिटांत उठायचो, तेवढाच माझा त्या घराशी संबंध. आज शमीमभाभी समोर बसल्या आणि मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. दिल्लीकडची एक गाडी मध्येच धडधडत गेली, तेव्हा थांबावं लागलं आणि उरलेलं पुन्हा सुरू करणं फार जड गेलं. रशीदभाई भिंतीला टेकून ऐकत होते. सांगून झालं तसे ते माझ्याकडे न बघता भाभींना म्हणाले, "सुन लिया? टाइम सही था मेरा."

भाभी म्हणाल्या, "चार रमज़ान."

मला कळलं नाही. त्यांनीच मग सांगितलं. "चार रमज़ान से ये काम के दिन रोज़ा नहीं रखते. सिर्फ़ छुट्टी वाले दिन रखते हैं. हमने कितना समझाया. कहते थे, मेरे रोज़े की नींद से किसी मरीज़ का बिगड़ गया तो अल्लाह को क्या मुँह दिखाऊँगा."

"छोड़ो ना," रशीदभाई म्हणाले, "भैया को चाय दो."

ताई, रमजानात दुपारी भिंतीकडे तोंड करून डबा खाताना मी त्यांना पाहिलं आहे. चारही वर्षं पाहिलं. मनात म्हटलं, साखर वाढली असेल, वय झालं. तूही पाहिलं असशील. तूही असंच काही समजली असशील, कारण खरं कळलं असतं तर तू मला त्याच दिवशी मानगूट धरून त्यांच्यासमोर उभं केलं असतंस. म्हणून माझं एक भांडण अजून राहिलंय तुझ्याशी. तू तो ट्रे टॉवेलात गुंडाळायला नको होतास. माझ्या टेबलावर आपटायला हवा होतास. मी चाळिशी ओलांडलेला माणूस होतो, मला झाकायचं वय कधीच उलटून गेलं होतं. तू माझ्यावर इतकी माया केलीस आणि तिची झळ दुसऱ्याच माणसाला लागली. हे मी तुझ्यावर ढकलत नाही. "नाही" मीच म्हणालो होतो. पण तुझा राग येतोय, आणि राग काढायला तू नाहीस, याचं फार वाईट वाटतंय.

मी रशीदभाईंची माफी मागितली. ते म्हणाले, "बोल दिया ना, बस." त्यांचा आवाज मोकळा होता, आणि येत्या रमजानचे रोजे पूर्ण ठेवणार म्हणाले. भाभी चहा ठेवून आत गेल्या, मग दारापर्यंत परत आल्या. पदर नीट करत त्यांनी विचारलं, "दीदी को बोला था आपने? उनके जाने से पहले?"

"नहीं, भाभी," मी म्हणालो, आणि तुला जाऊन चौदा दिवस झाल्यावर, त्यांच्या घरात, पहिल्यांदा रडलो.